आम्ही शुगर सांगितली

एपिलेप्सीचं निदान झालं त्या दुपारी घाटकोपरहून मुलुंडला परत येताना रिक्षातच आमचं ठरलं की मला शुगरचा त्रास आहे.

ठरलं म्हणजे आईने ठरवलं. मी मध्ये बसले होते, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, बाबांच्या मांडीवर एमआरआयची मोठी पिशवी. विक्रोळीच्या सिग्नलला आई म्हणाली, "कोणी विचारलं तर शुगर लो झाली म्हणायचं. शुगर सगळ्यांच्या घरात असते. पुढे कोणी विचारत बसत नाही."

बाबा म्हणाले, "हं."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि न बोलणं हे माझं सगळ्यात जुनं कौशल्य होतं. चार महिन्यांत मला दोन फिट आल्या होत्या. पहिली नाश्ता करताना, दुसरी गॅसपाशी. डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत आजाराचं नाव सांगून अर्धा तासही झाला नव्हता आणि माझ्या आजाराला आम्ही दुसऱ्याच आजाराचं नाव दिलं होतं.

ज्या घरांत असंच काहीतरी ठरलं असेल, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगते. काही राग आईवर आहे, बराचसा माझ्यावर.

कागदावरच्या पाच ओळी

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, हे मला मान्य करायला हवं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक बारीक संदेशांनी बोलतात, म्हणाले. फिटमध्ये त्या सगळ्या एकदम बोलायला लागतात. गोळ्या रोज, ठरल्या वेळी. एकही चुकवायची नाही. झोप पुरेशी. सध्या गाडी चालवायची नाही, पोहायला एकटीने जायचं नाही. बहुतेक लोक याच गोळ्यांवर नोकऱ्या करतात, संसार करतात.

मग ते आईकडे वळले आणि फिट आली तर काय करायचं ते सांगितलं. आईने पर्समधून पेन काढून प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल.

पाच ओळी. आईचं अक्षर सुंदर आहे. तो कागद फाइलमध्ये गेला आणि फाइल कपाटात साड्यांच्या खाली. त्या ओळी जगात आम्हा तिघांनाच माहीत होत्या. त्यातली एक मी, म्हणजे ऐन वेळी काही कामाची नाही. आणि उरलेले दोघं जिथे नसतात अशा ठिकाणी मी दिवसाचे दहा तास असायचे.

तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी बोलले असते की नाही, माहीत नाही.

ईईजीच्या खोलीबाहेर

त्याच आठवड्यात ईईजी झाला. डोक्याला चिकट पेस्ट लावून वायरी जोडतात, दुखत वगैरे काही नाही. नंतर ती पेस्ट तीन वेळा शाम्पू करूनही निघत नाही, एवढंच.

बाहेर बाकावर एक सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती. तिचेही केस माझ्यासारखेच गोळा झालेले. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तुला पण फिट येते?"

तिची आई शेजारी पाण्याची बाटली धरून होती. माझी आई माझ्या दुसऱ्या बाजूला.

"नाही," मी म्हणाले. "मला चक्कर येते."

"मला फिट येते," ती म्हणाली. "मी वर्गात अशी एकदम थांबते आणि मला काही कळत नाही. बाई म्हणतात स्टॅच्यू. पण मी मुद्दाम नाही करत."

तिची आई हसली. "आधी सगळ्यांना वाटायचं लक्ष नाही हिचं. दोन वर्षं ओरडा खाल्ला बिचारीने. आता शाळेत लिहूनच दिलंय मी. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीलाही माहितीये काय करायचं ते."

माझ्या आईने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "चल मनू, रिक्षा मिळणार नाही मग."

सात वर्षांच्या मुलीशी मी खोटं बोलले. ते मला आजही बोचतं.

खोटं गोड असतं

शुगरची थाप फार चांगली चालली. शेजारच्या काकू खजूर पाठवायला लागल्या. बोरिवलीची मावशी येताना राजगिऱ्याचे लाडू आणायची आणि मी समोर बसून दोन खाल्ल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही. पहिल्या वर्षात माझं वजन चार किलोंनी वाढलं आणि सगळे म्हणाले, "आता बरी दिसतेस."

साकीनाक्याला नोकरी लागली तेव्हा फॉर्ममध्ये आजाराचा रकाना होता. मी सुवाच्य इंग्रजीत लो ब्लड शुगर लिहिलं. इंग्रजीत खोटं लिहिणं मला सोपं जातं. शाळेत दहा वर्षं सुट्टीत न पाहिलेल्या हिल स्टेशनांवर निबंध लिहिले आहेत.

आमचं काम खोके बनवण्याचं. मिठाईचे, साबणाचे, अगरबत्तीचे. एका गाळ्यात पुढे आम्ही चौघं संगणकावर डिझाइन करतो आणि मागे कटिंगचं मशीन. मशीन परबकाकांचं. मालकाचं, म्हणजे सरांचं आहे, पण सगळे परबकाकांचंच म्हणतात. काका कणकवलीकडचे, साकीनाक्यात चाळीस वर्षं काढली तरी बोलणं निम्मं मालवणीच. माझ्या शेजारी बसणाऱ्या तन्वीला मी शुगर सांगितली होती, तिने ती काकांना सांगितली. काकांच्या बायकोला खरोखरीची शुगर होती, त्यामुळे त्यांनी ते मनावर घेतलं. कोणी न सांगता ग्लुकोजची पावडर आणून मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, सोबत स्टीलचा चमचा.

रोज चार वाजता हाक यायची. "बाय, खाल्लंस काय गो?"

"हो काका."

"खोटा बोलू नको हां. तोंड बघ कसा सुकला."

मला याचा कंटाळा यायचा आणि त्याशिवाय चार वाजल्यासारखंही वाटायचं नाही. गोळ्या नियमित होत्या. सव्वादोन वर्षं एकही फिट आली नव्हती. आपण हुशारी केली, असं आम्हाला वाटत होतं.

पर्समध्ये राहिलेल्या गोळ्या

मावसबहिणीचं लग्न बोरिवलीच्या हॉलमध्ये होतं. दोन दिवस आम्ही तिकडेच. गोळ्यांची पट्टी आईच्या पर्समध्ये, कारण माझ्या पर्समध्ये कोणीतरी लिपस्टिक शोधायला हात घालेल.

पहिल्या संध्याकाळी मी आईला खूण केली. ती म्हणाली, "आत्ता नको, मावशी बघतेय." नंतर मेंदी, नंतर जेवणं, नंतर राहिलं. दुसऱ्या सकाळी आई रुखवताच्या खोलीत आणि पर्स तिच्या खांद्याला. तीही गोळी गेली.

आईला दोष देणं सोपं आहे आणि मी तो मनात पुष्कळ दिला. पण मी पंचवीस पूर्ण केलेली, पगार घेणारी बाई होते. आईच्या खांद्यावरची पर्स घेऊन, मावशीच्या समोर, एक गोळी पाण्याबरोबर गिळता आली असती. मी ते केलं नाही. कोणी "कसली गं गोळी?" विचारेल एवढ्याच भीतीने.

सोमवार

सोमवारचं मला काही आठवत नाही. तन्वीने सांगितलं ते असं. साडेअकराला मी खुर्चीवरून बाजूला कलंडले आणि एक विचित्र आवाज काढला. मग अंग ताठ झालं, मग झटके. तन्वी किंचाळली, "काका, हिची शुगर!"

परबकाका मशीन बंद करून धावले. त्यांनी मला उताणं केलं, डोकं मांडीवर घेतलं. ग्लासात ग्लुकोज कालवलं. माझे दात घट्ट मिटले होते म्हणून चमच्याचा दांडा मध्ये घालून त्यांनी ते उघडले. माझा पुढचा दात तिथे तुटला. आणि त्या फटीतून ते चमचा चमचा पाणी घालत राहिले. "घे गो बाय, घे," म्हणत होते म्हणे. रडत होते.

झटके थांबले, पण मी निळी पडत गेले. ग्लुकोजचं पाणी पोटाऐवजी छातीत गेलं होतं.

मी सहा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. फिटमुळे एक दिवसही राहावं लागलं नसतं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले, "फिट तीनेक मिनिटांत आपली आपण थांबली असती. तुम्ही इथे आहात ते न्यूमोनियामुळे. तोंडात कोणी काय घातलं?"

मास्कच्या आतून

हॉस्पिटलमध्ये दिवस असे जातात: सहाला थर्मामीटर, सातला चहा जो मला द्यायचा नसतो, मग वाफ, मग इंजेक्शन, मग छातीवर थापट्या मारायला येणारी फिजिओची मुलगी. ती माझ्याच वयाची होती. "खोका जोरात, लाजू नका," म्हणायची. लाजू नका, हे मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी सांगितलं आहे, पण खोकण्याबद्दल पहिल्यांदाच. चौथ्या दिवशी एका सिस्टरने न विचारता माझी वेणी घातली. त्या दिवसातली तीच एक चांगली गोष्ट, पण ती खूप चांगली होती.

त्याआधी, दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत परबकाका आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात शहाळं. दारातच आईने त्यांना अडवलं. मला मास्क लावलेला, पण ऐकू सगळं येत होतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो तिच्या तोंडात घालायला?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "जीव गेला असता माझ्या पोरीचा!"

काका म्हणाले, "ताई, शुगर लो झाली होती ना तिची? माझ्या बायकोक आम्ही तसाच देतो."

तिथे, त्या दारात, एक वाक्य पुरलं असतं. मी पलंगावरून आईच्या पाठीकडे बघत होते आणि ती ते वाक्य बोलेल याची वाट बघत होते. आईने पदर सारखा केला. "बरं. ती झोपलीये आता," म्हणाली आणि शहाळं हातात घेतलं.

मी झोपले नव्हते. मास्क काढून हाक मारता आली असती. मी डोळे मिटून घेतले.

घरातलं भांडण

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तन्वीचा फोन आला.

"अगं यार, इकडे वाट लागलीये. सरांनी काकांना सगळ्यांसमोर झापलं. डॉक्टर आहात का तुम्ही, पोलीस केस झाली असती म्हणाले. काका एक शब्द बोलले नाहीत. आता म्हणतायत गावाला जातो, बस झालं. शनिवारी शेवटचा दिवस."

मी फोन ठेवला आणि आईला म्हणाले, "मी उद्या ऑफिसला जाऊन खरं सांगणार आहे."

आई भाजी निवडत होती. "कशाला? तू नोकरी बदल. तसंही ते लांब पडतं."

"आई, त्या माणसाने आपण सांगितलं तेच केलं."

"मी नव्हतं सांगितलं त्याला."

"मी सांगितलं. तुझं वाक्य."

"आणि उद्या स्थळं येतील तेव्हा? साकीनाक्यातून मुलुंडला बातमी यायला किती वेळ लागतो माहितीये?"

"मग त्यांनाही सांगू."

आईने सुरी खाली ठेवली. "माझ्या आत्याला सासरहून परत आणून सोडलं होतं," ती म्हणाली. "फिट येते म्हणून. पायरीवर ट्रंक ठेवली आणि गेले. मी नऊ वर्षांची होते. नंतर ती मागच्या खोलीत जेवायची. तिचं ताट वेगळं होतं. तुला काय कळणार आहे!"

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की आईला लोकांची भीती आहे. तिला त्या ट्रंकेची भीती होती. मला वाईट वाटलं, आणि त्याचबरोबर राग गेला नाही. दोन्ही एकदम असू शकतं, हे मला त्या दिवशी समजलं.

बाबा पेपरमागून म्हणाले, "जाऊ दे तिला." गेल्या अडीच वर्षांत या विषयावर ते पहिल्यांदाच "हं" सोडून काही बोलले होते.

सांगितलं

सरांना सांगणं सोपं गेलं. केबिनमध्ये, इंग्रजीत, चार वाक्यांत. मला एपिलेप्सी आहे, मी फॉर्ममध्ये खोटं लिहिलं, काकांची काही चूक नाही, त्यांची माफी मागा. सरांनी पेन दोनदा उघडबंद केलं. मग म्हणाले, मशीनच्या बाजूला एकटी जाऊ नकोस. आणि परबांशी मी बोलतो.

काकांना सांगणं अवघड होतं. ते मशीनपाशी ब्लेड पुसत होते. मी मराठीत, मान खाली घालून, सगळं सांगितलं. फिट येते. आधीपासून येते. शुगर कधीच नव्हती.

मला वाटलं होतं ते डोक्यावरून हात फिरवतील. मी मनात तसं दृश्यही रंगवलं होतं.

"माझ्या हातून मेली असतीस तू," ते म्हणाले. अगदी हळू. "दहा दिवस माझ्या घशाखाली घास उतराक नाय. कित्याक नाय सांगितलंस? माका सांगूक काय झाला असता गो तुका?"

त्यांनी पाठ फिरवली आणि मशीन सुरू केलं.

गावाला ते गेले नाहीत. सरांनी माफी मागितली, सगळ्यांसमोर नाही पण मागितली. मात्र पुढे आठ दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. चार वाजता हाक नाही. डिझाइनमधल्या एकाने त्याची खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली आणि एसीचं कारण सांगितलं. तन्वी पहिल्याच दिवशी म्हणाली, "मी कधी विचारलंच नाही यार. तू असली गप्प बाई, वाटलं विचारलं तर चावशील." घरी आई अजूनही फोनवर मावशीला "अशक्तपणा आहे तिला" सांगते. शुगरवरून अशक्तपणावर आलो, हीच प्रगती. खरं बोललं की सगळं हलकं होतं असं म्हणतात. मला तसं काही झालं नाही. आता लोक माझ्याकडे बघतात, आणि मला कोणी बघितलेलं कधीच आवडलेलं नाही.

नवव्या दिवशी

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर काकांनी मशीन बंद ठेवलं. पुढे येऊन पुठ्ठ्याचे दोन मोठे ताव जमिनीवर अंथरले आणि चपला काढून त्यावर आडवे झाले. उताणे, हात पसरून.

"काका?" तन्वी उठली. "काय झालं?"

"माका फिट इली," काका छताकडे बघत म्हणाले. "बघत काय ऱ्हवलंत? चल गो बाय, सांग ह्यांका काय करूचा ता."

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले. सरही केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. चार माणसं माझ्याकडे बघत होती.

मी गुडघ्यांवर बसले. "आधी चष्मा काढायचा," मी म्हणाले. आवाज कोणालाच ऐकू गेला नसावा, म्हणून पुन्हा म्हणाले. चष्मा काढला. "आजूबाजूच्या खुर्च्या लांब करायच्या." खुर्च्या सरकल्या. "डोक्याखाली काहीतरी मऊ." तन्वीने ओढणीची घडी केली. "शर्टाचं वरचं बटण सैल करायचं. मग कुशीवर वळवायचं, म्हणजे तोंडातली लाळ बाहेर येते, छातीत जात नाही. हातपाय धरून ठेवायचे नाहीत. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही."

मी त्यांचा खांदा ढकलला. ते हलले नाहीत. माणूस इतका जड असतो हे मला माहीत नव्हतं. मलाही कोणीतरी असंच जमिनीवरून उचललं होतं. मी त्यांचा पलीकडचा गुडघा उभा केला, खांदा आणि गुडघा धरून माझ्याकडे ओढलं, आणि काका वळले.

"मग?" खुर्ची लांब नेलेल्या मुलाने विचारलं.

"मग घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर गाडी बोलवायची."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत शेजारी बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. फिट किती मिनिटं चालली हे मला दर वेळी नंतर आकड्यात सांगितलं जातं. ती मिनिटं बाहेरून किती लांब असतात, ते मी पहिल्यांदाच बघत होते. एक मिनिट संपेचना. काका खरंच निपचित पडले होते, तोंड थोडं उघडं, पांढऱ्या मिशा पुठ्ठ्याला टेकलेल्या. माझा हात आपोआप त्यांच्या पाठीवर गेला होता. नुसतं बसून राहणं फार कठीण असतं. काहीतरी करावंसं वाटतं. मलाही वाटत होतं.

दीड मिनिटाला सर दारातून पुढे झाले. "थोडं पाणी तरी..." म्हणाले.

"पाणी नाय!" काका डोळे न उघडता जमिनीवरूनच ओरडले. "तिना सांगितला ना एकदा!"